व्यायामाला खाडा पडणारच, परत कसं यायचं ते आधी ठरवा

नाशिकमध्ये व्यायाम सुरू करायचा सीझन ठरलेला आहे. दिवाळीचा फराळ संपतो, थंडी पडायला लागते आणि गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर सकाळी सहा-साडेसहाला एकदम गर्दी दिसायला लागते, कोरे बूट, कोऱ्या ट्रॅक पॅन्टी, कानात इअरफोन, मनगटावर स्मार्टवॉच. १ जानेवारीला दुसरी लाट येते, ती जिमकडे वळते. संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत दोन्ही लाटा ओसरायला लागलेल्या असतात. मग मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि लग्नं, जूनपासून पाऊस, मग गणपती, मग नवरात्र, की आली परत दिवाळी. आणि ट्रॅकवर परत बरीचशी तीच माणसं, फक्त बूट आता तेवढे कोरे नसतात.

आता मला सांगा, ह्या लोकांकडे मोटिवेशन नाहीये का? भरपूर आहे की, वर्षातून दोनदा येतंय. नसतं ते एवढंच, की मधे खाडा पडला तर परत कसं यायचं ह्याचा काहीच विचार नसतो. सगळी तयारी सुरुवातीची. बूट घेतले, डाएट चार्ट काढला, ग्रुपवर फोटो टाकला, आणि मग मावसभावाच्या लग्नाला चार दिवस धुळ्याला जाऊन आले की संपलं, कारण "आता तुटलंच ना". तर सुरू कसं करायचं ते सांगतोच, पण तुटल्यावर जोडायचं कसं ते जास्त सांगणार आहे कारण माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आधी ते २१ दिवसांचं भूत उतरवू

२१ दिवस सलग केलं की सवय लागते हे तुम्ही शंभर ठिकाणी ऐकलं असेल. ह्याचं मूळ एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणात आहे, १९६० सालचं, आणि त्याचं म्हणणं काय होतं तर ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातला "कमीत कमी" गळाला, चेहरा गळाला, आणि उरलं फक्त २१. प्रत्यक्षात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना एकेक नवी सवय लावायला सांगून १२ आठवडे पाहिलं, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस निघाले, पण माणसामाणसात फरक केवढा, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब. आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला.

पण त्यातली कामाची गोष्ट वेगळीच आहे. मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर विशेष परिणाम झाला नाही. म्हणजे आपण जो "साखळी तुटली" म्हणून छाती बडवतो ना, ती साखळी एका दिवसाने तुटतच नाही. तुटते कधी, तर एक दिवस चुकला म्हणून आपण दुसरा दिवस सोडतो, मग सोमवारपासून म्हणतो, मग एक तारखेपासून म्हणतो, मग "गणपती होऊन जाऊ दे ना भो".

किती करायचं हेही एकदा डोक्यात क्लिअर असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, किंवा दमवणारा असेल तर ७५ ते १५० मिनिटं, आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, म्हणजे जोर, बैठका, वजनं, जे काय असेल ते. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही फिरताय, व्यायाम करत नाहीये, आणि गोल्फ क्लबवर अशी भरपूर मंडळी आहेत जी चार जण ओळीत हात मागे बांधून अख्खा ट्रॅक अडवून शेअर मार्केटवर बोलत चालतात. न चालण्यापेक्षा ते बरंच, पण मागच्याला जरा वाट द्या राव.

१५० मिनिटं म्हणजे अर्धा तास गुणिले पाच. सातही दिवस नाही, पाच. दोन दिवसांचा खाडा त्या हिशोबातच बसलेला आहे, त्याची माफी कुणाकडे मागायची गरज नाही. आणि पूर्वी असं म्हणायचे की सलग दहा मिनिटं झाली तरच ती धरायची, ती अट २०२० मध्ये काढून टाकली. त्यामुळे चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्ट सोडून जिन्याने गेलात तर तेही जमा.

वेळ घड्याळावर लावू नका

"रोज सकाळी साडेपाचला उठणार" हा संकल्प नाशिकमध्ये अर्ध्या लोकांना लागूच होत नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्याची एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. त्याला तुम्ही कुठल्या तोंडाने साडेपाच सांगणार? नाइट करणारा माणूस साडेपाचला अजून मशीनवर असतो. मग तो म्हणतो आपल्याला नाही जमणार, आणि त्याचं बरोबरही असतं, कारण त्याला चुकीचा सल्ला मिळालेला असतो.

वेळेच्या ऐवजी घटनेला बांधा. अमुक झालं की तमुक करायचं. फर्स्ट शिफ्ट असेल तर कंपनीच्या बसमधून दोन स्टॉप आधी उतरायचं आणि उरलेलं भरभर चालत यायचं, डब्याची बॅग पाठीवर. सेकंड शिफ्ट असेल तर पोरं शाळेच्या व्हॅनमध्ये बसली की तसंच पुढे चालायला लागायचं, वर घरी जायचंच नाही, कारण एकदा वर जाऊन चहा घेतला, पेपर उघडला की झालं. नाइट असेल तर सकाळी घरी आल्यावर आधी झोप, झोप मारून व्यायाम करायचा शहाणपणा करू नका, संध्याकाळी उठल्यावर जेवणाआधी वीस मिनिटं. म्हणजे तीन शिफ्टला तीन वेगळे नियम, एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. ऐकायला बावळट वाटतं, पण "जमेल तेव्हा करू" म्हणणाऱ्यापेक्षा "कधी, कुठे, कशानंतर" हे लिहून ठेवणारा माणूस ते प्रत्यक्षात जास्त वेळा करतो, ह्यावर पीटर गोलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञापासून पुढे बऱ्याच जणांनी काम केलंय आणि व्यायामाच्या बाबतीतही ते दिसलंय. कारण सरळ आहे, त्या क्षणी विचार करावा लागत नाही. पहाटे पांघरुणात आपण स्वतःशी वाद घालायला बसलो तर जिंकणार कोण हे सगळ्यांना माहितीये, त्यातून डिसेंबरातली नाशिकची थंडी, निफाडकडून येणारं ते वारं, छे.

ऑफिसवाल्यांना हे सोपं आहे खरं तर, पण तेच जास्त रडतात.

बायकांचं गणित अजून वेगळं. सकाळी सहा ते नऊ घरात डबे, पाणी, पूजा, व्हॅन, आणि त्याच वेळेत सगळे व्हिडिओ सांगतात मॉर्निंग वॉक करा. घरातल्यांनी डब्यातला वाटा उचलला तर उत्तमच (आणि उचलायलाच पाहिजे, नुसतं "तू पण जात जा गं" म्हणून होत नाही). ते होईपर्यंत सकाळी दहाची वेळ बघा, घर रिकामं असतं, हॉलमध्ये सतरंजी टाकून वीस मिनिटं होतात. नोकरी करणारीला तीही वेळ नाही, तिने संध्याकाळी घरी शिरायच्या आधीचा अर्धा तास धरायचा. घरी शिरल्यानंतरचा अर्धा तास कधीच आपला नसतो. आणि अंधारात जायचं असेल तर जिथे लाइट आणि माणसं दोन्ही आहेत तिथेच, कृषीनगरचा ट्रॅक, इंदिरानगरचा ट्रॅक, संध्याकाळी ह्या दोन्हीकडे बायकांचे ग्रुपच्या ग्रुप दिसतात. नदीकाठचा रस्ता सकाळी कितीही भारी वाटला तरी अंधारात एकटीने नको.

जागा कोणती, तर जवळची

नाशिकला जागांची कमी नाहीये. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपला गोल्फ क्लब. गोदापार्क. पांडवलेणी. म्हसरूळकडच्या लोकांना चामर लेणी. पण सिडकोत राहून रोज पांडवलेणी चढायची ठीक आहे, तुम्ही राहता नाशिक रोडला आणि ठरवलंय रोज पांडवलेणी, तर द्वारकेचा सिग्नल पार करतानाच तुमचा व्यायाम संपणार. त्यातून सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल सांगता येत नाही. रोजची जागा घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत पाहिजे, मग ती सोसायटीचं पार्किंग का असेना. लांबची, देखणी जागा रविवारसाठी ठेवा.

पांडवलेणीचं मात्र जरा जास्त सांगतो कारण ती मला मोजपट्टी म्हणून फार आवडते. पायथ्याला फाळके स्मारक आणि नेहरू वनोद्यान, तिथून वर पायऱ्या, वर २४ लेणी, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. सकाळी चढणारे ठरलेले लोक आहेत. पहिल्यांदा जाल तेव्हा तीन-चार वेळा थांबाल, कठड्याला हात लावून "काय व्ह्यू आहे ना" म्हणाल, व्ह्यू बघायचं निमित्त, खरं तर दम लागलेला असतो. थांबा की, काही हरकत नाही. फक्त कुठे थांबलो ते लक्षात ठेवा. महिन्याभराने परत जा, त्या वळणाच्या पुढे जाऊन थांबाल. हे वजनकाट्यावर दिसत नाही आणि स्मार्टवॉचवरही दिसत नाही. आणि उतरताना घाई नको, गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, पावसाळ्यात तर दगड निसरडे होतात त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वर जाण्याऐवजी खाली वनोद्यानात चाला.

स्मार्टवॉचवरून आठवलं, ते १०,००० पावलांचं टार्गेट काही डॉक्टरांनी काढलेलं नाहीये. १९६५ मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" असं होतं, टोकियो ऑलिम्पिकची हवा ताजी होती, खपलं. आकडा वाईट नाही पण पवित्रही नाही. ६ हजार झाली म्हणून रात्री अकराला बेडरूममध्ये येरझाऱ्या घालणारे लोक मी पाहिलेत. झोपा हो.

सुरुवात एवढी छोटी की लाज वाटली पाहिजे

पहिले दोन आठवडे दहा मिनिटं. बस. बूट घालायचे, बाहेर पडायचं, पाच मिनिटं पुढे, पाच मिनिटं मागे, घरी. तुम्हाला अजून चालावंसं वाटेल, तरीही घरी. कारण पहिल्या दोन आठवड्यात आपण अंग कमावत नसतो, फक्त दाराबाहेर पडायची सवय लावत असतो, आणि पहिल्याच दिवशी उत्साहात पाच किलोमीटर पळून आलेल्या माणसाचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, तिसऱ्या दिवशी संडासात बसता येत नाही. ते दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत जास्त असतं आणि आपोआप जातं, पण तोपर्यंत मन म्हणतं आपलं हे काम नव्हे.

दोन आठवड्यांनी पंधरा मिनिटं, मग वीस, असं वाढवत महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासावर या. आणि तिथे आलात की मगच आठवड्यात दोन दिवस जोर-बैठका जोडा. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग जमिनीवर. बैठका खुर्चीवर बसून उठून.

बूट पहिल्याच दिवशी महागडे घेऊ नका. घरात असलेल्या बऱ्या बुटांवर चाला, महिनाभर टिकलात तर मग स्वतःला बूट बक्षीस द्या. जिमचंही तेच. वर्षाच्या फीमध्ये डिस्काउंट असतं ते कशाच्या जीवावर असतं वाटतं तुम्हाला? जे पैसे भरून येत नाहीत त्यांच्या जीवावर, सगळे आले तर ट्रेडमिलला मारामारी होईल. एक महिन्याची फी भरा, महाग पडली तरी चालेल.

मोटिवेशन बाहेर शोधायचं तर माणसांत शोधा

रील्स बघून येणारा जोश संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आपल्या जिल्ह्यात तर आदर्शांची रांग आहे. सावरपाड्याची कविता राऊत, सावरपाडा एक्स्प्रेस, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत सिल्व्हर. चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंग. डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका सायकलवर पूर्ण केली, ४,८०० किलोमीटरच्या आसपास. अभिमान आहेच, पण खरं सांगू का, मंगळवारी सकाळी पांघरुणातून बाहेर काढायला कविता राऊत येत नाही. तिथे लागतो तो ट्रॅकवरचा एखादा काका जो दुसऱ्या दिवशी विचारतो, "काय, काल दिसला नाहीत?"

एवढं एकच वाक्य. नाव माहीत नसतं, आडनाव माहीत नसतं, नुसती रोजची मान हलवायची ओळख. पण तुम्ही आला नाहीत हे कुणाच्या तरी लक्षात आलंय ही गोष्ट कुठल्याही ॲपच्या नोटिफिकेशनपेक्षा भारी आहे. ती ओळख कशी होते, तर एकाच वेळेला एकाच दिशेने रोज चाललात तर आपोआप होते. आठ दिवस तेच चेहरे दिसले की नवव्या दिवशी मान हलवा. नमस्कार म्हणा. म्हाताऱ्या मंडळींशी आधी बोला, ती खाडे करत नाहीत, पावसात छत्री घेऊन येतात, आणि हजेरी घ्यायला त्यांना आवडतं. हास्य क्लबवाल्यांना हसू नका, त्यांची हजेरी तुमच्या जिमपेक्षा चांगली असते.

घरातल्याच माणसाबरोबर जायचा बेत मात्र जपून करा. नवरा-बायको दोघांनी मिळून सुरू केलं की एकाने कंटाळा केला की दुसऱ्याला आयती सुट्टी. दोघांनी वेगवेगळ्या ग्रुपमध्ये जावं असं माझं मत आहे, ह्यावर घरात भांडण झालं तर मी जबाबदार नाही.

मिसळ आणि वजन

रविवारी सकाळी गंगापूर रोडला, मखमलाबादकडे मिसळीच्या ठिकाणी बघा, निम्मे लोक ट्रॅक पॅन्टमध्ये असतात. ह्यावर जोक करायची फॅशन आहे पण मी मिसळीच्या बाजूने आहे. रविवारची मिसळ चालायला गेलेल्यांच्याच बरोबर खायची हा नियम करून बघा. म्हणजे शनिवारी कुणाला कंटाळा आला तरी रविवार चुकत नाही. आवडीची गोष्ट फक्त व्यायामाला जोडून ठेवायची ही युक्ती संशोधकांनीही तपासलीये, अमेरिकेत एका जिममध्ये लोकांना आवडीची ऑडिओबुक फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील असं ठेवलं तर सुरुवातीला त्यांचं येणं वाढलं. आणि मग थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीने तो परिणाम खाल्ला. तिकडेही दिवाळीच आडवी येते म्हणायची.

पण एक भ्रम काढून टाका. अर्धा तास भरभर चालून साधारण सत्तर किलोच्या माणसाच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात. तर्रीवाली मिसळ, वर फरसाण, दोन पाव, पापड, त्याच्या कितीतरी पुढे जाते. त्यामुळे नुसतं चालून वजन उतरेल ह्या आशेवर व्यायाम करू नका, काटा महिनाभर हलणार नाही आणि तुम्ही चिडून बंद कराल. वजनाचा मुख्य कारभार ताटात आहे. व्यायामाचा फायदा दुसरीकडे बघा, झोप लागते का, जिना चढताना दम कमी लागतो का, चिडचिड कमी झाली का, साखर-बीपीचे रिपोर्ट काय म्हणतात. काटा लपवून ठेवा महिनाभर.

खाड्यांचं कॅलेंडर

आता मुख्य मुद्दा. पंचांग किंवा कालनिर्णय घेऊन बसा आणि पुढच्या वर्षात खाडा कुठे कुठे पडणार ते आधीच पेन्सिलीने मार्क करा. लग्नसराई, पोरांची परीक्षा, मार्च एंड असेल तर तो, गणपतीचे दहा दिवस, दिवाळीचे पाच-सहा, गावची जत्रा. हे खाडे अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात, आणि दरवर्षी आपण आश्चर्यचकित होतो. मार्क केलेल्या प्रत्येक खाड्यापुढे दोन गोष्टी लिहा: त्या दिवसात कमीत कमी काय करणार, आणि परत कधी येणार. तारीख लिहा. "दिवाळीनंतर" ही तारीख नाही, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी" ही तारीख आहे.

कमीत कमी म्हणजे अगदी कमी. माझ्या मते सूर्यनमस्कार त्याला बेस्ट. जागा लागते सतरंजीएवढी, सामान शून्य, पाहुण्यांनी भरलेल्या घरातही गच्चीवर होतात. रोज सहा घाला, बारा घाला, पाच-सात मिनिटांचं काम आहे. आपल्याच नाशिकातल्या टाकळीला समर्थ रामदास बारा वर्षं राहिले आणि रोज १,२०० सूर्यनमस्कार घालायचे असं परंपरेने सांगतात, त्या गावात राहून आपण बाराला नाही म्हणायचं हे जरा अतीच होतं. कंबरेचा किंवा मानेचा त्रास असेल तर मात्र ते विचारून करा, बीपी असेल तरी, त्यात डोकं खाली जातं.

पावसाळा हा खाडा नाही, तो बदल आहे. जून ते सप्टेंबर ट्रॅक चिखलाचा होतो, मग तेवढे महिने व्यायाम घरात. जिना वर-खाली, बैठका, नमस्कार, दोरीवरच्या उड्या (खालच्या मजल्यावर कोण राहतं ते बघून). हे जूनच्या पहिल्या पावसात सुचत नाही, मेमध्येच ठरवून ठेवावं लागतं.

नवरात्रात गरबा खेळत असाल तर तो व्यायामच धरा, दीड-दोन तास घाम निघतो, त्या नऊ रात्री सकाळचा ट्रॅक बिनधास्त बुडवा.

आणि कॅलेंडरमध्ये खाड्यांबरोबर एखादी अशी तारीख पण टाका जिच्यासाठी पाय तयार पाहिजेत. मॅरेथॉनच पाहिजे असं नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी आहे ना, छोटी फेरी २० किलोमीटरच्या आसपास, मोठी त्याच्या दुप्पट. नाहीतर नवरात्रात वणीच्या गडावर पायी, नाशिकहून साठेक किलोमीटर. दरवर्षी कितीतरी लोक काही तयारी न करता भावनेच्या भरात निघतात आणि अर्ध्यातून पायाला फोड आणून टेम्पोत बसतात. तुम्ही मेपासून रविवारी अंतर वाढवत न्या, आधी ५, मग ८, मग १२, तेच बूट तेच मोजे घालून, आणि मग फेरीला जा. तारीख देवाची असली की पुढे ढकलता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

परत यायचे हिशोब

खाडा आठवड्याच्या आतला असेल तर काहीच झालेलं नाही, जिथे सोडलं तिथून सुरू. दोन-तीन आठवडे गेले असतील तर पहिला आठवडा आधीच्या निम्मं करा, अर्धा तास चालत होतात तर पंधरा मिनिटं, वजनं उचलत होतात तर निम्मी, दुसऱ्या आठवड्यात वाढवा. महिना-दोन महिने गेले तर परत ते दहा मिनिटंवालं, लाज वाटणारं. फक्त ह्या वेळी अंग लवकर वळणावर येतं, आधी कमावलेले स्नायू पहिल्यापेक्षा कमी वेळात परत येतात, त्यामुळे दीड महिन्याचं काम बहुतेकांचं तीन-चार आठवड्यात होतं.

परत यायला सोमवारची वाट बघू नका. गुरुवारी शुद्ध आली तर गुरुवारी. बुडालेलं भरून काढायला एका दिवशी दीड तास करणं तर अजिबात नको, खाड्यानंतरच्या बऱ्याच दुखापती तिथेच होतात, पोटरी खेचली जाते, आणि मग खरोखरचा महिन्याचा खाडा पडतो.

आजारपणाचं वेगळं. ताप असताना व्यायाम नाही, म्हणजे नाही. ताप उतरल्यावरही दोन-चार दिवस जाऊ द्या, मग फक्त चाला. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू-चिकुनगुनियाची साथ फिरते, चिकुनगुनियाचे सांधे तर कधी कधी कित्येक महिने दुखतात, अशा वेळी डॉक्टरांना विचारून हलकं हलकं, आणि सांधा सुजलेला असेल तर त्या दिवशी राहू द्या. चाळिशी ओलांडलेली आहे, शुगर आहे, बीपी आहे, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय आणि तुम्ही वर्षानुवर्षं काहीच केलेलं नाही, तर पळणं किंवा जड वजनं सुरू करायच्या आधी एकदा तपासून घ्या. हळूहळू चालायला सुरुवात करायला बहुतेकांना कुणाची परवानगी लागत नाही. पण चालताना छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात, जबड्यात दुखायला लागलं, चक्कर आली, तर "गॅस असेल" म्हणून राउंड पूर्ण करत बसू नका, थांबा, शेजारच्या माणसाला सांगा, १०८ ला फोन लावा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.